ब्रायर कोर्टची आठ घरं

नोव्हेंबरातला सकाळचा उजेड ब्रायर कोर्टवर एकदम पडत नसे. आधी तो आभाळात नुसता असे, कशावरही न टेकलेला, दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखा फिकट. मग पूर्वेकडच्या ओकच्या रिकाम्या शेंड्यांना तो लागे आणि तिथेच बराच वेळ रेंगाळे, खाली उतरायचं की नाही हे अजून ठरलेलं नसल्यासारखा. त्यानंतर छपरं. रात्रीचं दंव छपरांवर जाड्या मिठासारखं पसरलेलं असे; उजेड आला की ते आधी निळसर, मग गुलाबी होई आणि कडेकडेने ओलं होऊन पन्हाळीत उतरे. धुराड्यांमधली वाफ सरळ वर जाई. आठ घरांच्या आठ गॅरेजांची पांढरी दारं एकामागून एक उजळत, टपालपेट्यांच्या सावल्या रस्त्यावर लांबच लांब पडत. सर्वांत शेवटी, जमिनीलगतच्या एका अरुंद खिडकीतून, उजेडाची वीतभर पट्टी एका तळघरात शिरे आणि वॉशिंग मशीनच्या झाकणावरून सरकत टेबलापर्यंत येई. त्या खिडकीत गवताची पाती थेट डोळ्यांसमोर असत आणि प्रत्येक पात्यावरचं दंव आपापल्या वेळेने वितळताना दिसे. मिहीर रोज हे पाहत असे. चार वर्षांत ह्या उजेडाने त्याला काहीही नवीन सांगितलं नव्हतं. तरी तो पाहायचा राहिला, तर दिवस सुरू झाल्यासारखं त्याला वाटत नसे.

डेट्रॉइटच्या उत्तरेला, जिथे मोठ्या रस्त्यांना नावांऐवजी मैलांचे आकडे आहेत, त्या उपनगरांच्या रांगेत ही वस्ती होती. मिहीर भूगोलात पीएच.डी. करत होता आणि त्याचा विषय होता ह्याच उपनगरी मतदारसंघाचा चाळीस वर्षांचा इतिहास: अमेरिकी काँग्रेसवर इथून कोण निवडून गेलं, कुठल्या वस्तीच्या मतांवर गेलं, आणि दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा नव्याने आखल्या गेल्यावर काय बदललं. कुठल्या गल्लीने कुठल्या साली कसा कौल दिला, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतः तो विद्यार्थी म्हणून व्हिसावर आलेला. मत देण्याचा हक्क त्याला नव्हता. चार माणसांत उभं राहिलं की आपल्या हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नसे. त्याच हातांनी तो मतदानकेंद्रांच्या हद्दी केसाइतक्या बारीक आखत असे.

ज्यांच्या तळघरात तो भाड्याने राहत होता ते गुरुनाथ काका, एका मोटार कंपनीत पस्तीस वर्षं गाड्यांच्या सीटांची डिझाइनं करून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी मिहीरने मतदारसंघाचा मोठा रंगीत नकाशा छापून, फ्रेम करून त्यांना दिला. त्यात त्यांच्या घराच्या जागी एक सोनेरी ठिपका होता. काकांनी तो हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगला, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते मिहीरची ओळख एकाच वाक्यात करून देत: हा आमच्या मतदारसंघाचा इतिहास लिहितोय. मिहीर मान खाली घालून हसे. ते वाक्य त्याला किती हवं असे, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज मतदानाचा मंगळवार होता आणि आज प्रतिमा काकू आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत मत देणार होत्या. काकूंना ह्या देशात छत्तीस वर्षं झाली होती. काका कधीच नागरिक झाले. मुलगाही त्यांच्या पाठोपाठ झाला. काकूंनी मात्र नागपूरचा पासपोर्ट सोडला नव्हता. एका माणसाने दोन घरी स्वयंपाक करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी नात अनया अठरा वर्षांची झाली आणि तिने आजीला इंग्रजीत विचारलं, की मी कालची पोर असून मला मत आहे आणि तुला नाही, हे तुला विचित्र नाही का वाटत? तिसऱ्या दिवशी त्यांनी नागरिकत्वाचा फॉर्म मागवला.

काकांनी बरोबर येऊ नये, अशी काकूंची अट होती. ते परीक्षेला आलेल्या पोरीसारखं वागवतील, मागे उभे राहून मतपत्रिकेवरचे गोल कसे भरायचे ते सांगतील, असं त्यांचं भाकीत होतं. काकांचं स्वतःचं मत पोस्टाने पंधरा दिवसांपूर्वीच गेलेलं होतं. तेव्हा न्यायचं काम मिहीरकडे आलं आणि गेला आठवडाभर तो रोज संध्याकाळी काकूंना उमेदवारांची माहिती देत होता. काकू चकल्या तळता तळता ऐकत. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

"एक सांगून ठेवते," जिन्याशी कोट चढवत काकू म्हणाल्या. "तिथे कुणी मला परत पाठवलं ना, तर मी पुन्हा जाणार नाही. छत्तीस वर्षं राहिलंच की मत दिल्यावाचून."

"कोण कशाला परत पाठवेल, काकू? सगळं चेक केलंय मी."

"नाही, तुझा चेहरा बघून म्हटलं. माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरलायस."

स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, की तुमचं होईपर्यंत उपमा तयार असेल, आणि फोटोआयडी घेतलंय का ते बघा. काकूंनी मिहीरकडे असं पाहिलं, की बघ, सुरू झालं.

गाडीत काकू खुशीत होत्या. त्यांनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती, वर जाड कोट, पायांत मोज्यांसकट बूट. मिहीरने गाडी एटीन माइल रोडला घातली आणि लाजाळू माणसं आपल्या आवडीच्या विषयावर आली की होतात तसा तो मोकळा झाला. उजवीकडे जिथे आता दातांचे दवाखाने आहेत, तिथे सफरचंदांच्या बागा होत्या, हे त्याने सांगितलं. बागा गेल्या आणि डेट्रॉइटहून कारखान्यांतले फोरमन आणि अवजारं घडवणारे कारागीर आले. स्वतःच्या हिरवळीसाठी वेडे झालेले लोक. त्यांनी वीस वर्षं इतक्या नेमाने रिपब्लिकन पक्षाला मतं दिली, की त्या सालांचे त्याचे नकाशे म्हणजे नुसता एक लाल कागद. पुढे इंजिनिअर आले, पुण्याचे, सोलचे, हैदराबादचे. तरी नकाशा लालच राहिला.

"ते का?" काकूंनी विचारलं.

"कारण जे नवीन राहायला आले त्यांना मत नव्हतं. आणि ज्यांना मत होतं ते हळूहळू पुढच्या गावात निघून गेले. वस्ती एकाची, कौल दुसऱ्याचा. पंधरा वर्षं हे चाललं."

मग माणसं नागरिक होऊ लागली, मग त्यांची मुलं अठरा वर्षांची झाली, आणि लाल रंग, डेमोक्रॅटांचा निळा मिसळत, फिका होत होत जांभळट झाला. गेल्या खेपेला इथली जागा डेमोक्रॅटांकडे गेली ती अवघ्या तीनशे अकरा मतांनी. हे सांगताना मिहीरचा आवाज नकळत हलका झाला. त्याला कुणीही न जिंकता मोजणी अशीच काठावर राहिलेली आवडत असे, पण हे बोलायचं नसतं हेही त्याला कळत होतं.

"म्हणजे तीनशे अकरांत आज माझं एक," काकू म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर त्या दातांच्या दवाखान्यांकडे असं पाहू लागल्या, की जणू तिथे सफरचंदं लागलेली आहेत.

मतदानकेंद्र लायब्ररीच्या हॉलमध्ये होतं. काका पंचवीस वर्षं इथेच मत देत आले होते, पोस्टाने पाठवायला लागण्याआधी. रांगेत सहा-सात माणसंच होती. टेबलामागे केल्विन नावाचा एक उंच, वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसला होता. कॉलरपाशी बो-टाय, चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांची शांतता. त्याने काकूंचं नाव शोधलं, पत्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि अतिशय अदबीने सांगितलं, की मॅडमचं केंद्र हे नाही. ब्रायर कोर्टचं मतदान नाल्यापलीकडच्या प्राथमिक शाळेत आहे.

एरवी दुकानात चुकीचं बिल आलं तरी मुकाट्याने देणारा मिहीर पुढे झाला आणि म्हणाला, की असं होणार नाही. सीमा एटीन माइल रोडवरून जाते, ब्रायर कोर्ट तिच्या आत आहे, मी ह्याच विषयावर प्रबंध लिहितोय. त्याने फोनवर आपला नकाशा काढून दाखवला. केल्विनने चष्मा चढवला, नकाशा मन लावून पाहिला आणि सुंदर काम आहे असं प्रामाणिकपणे म्हटलं. मग लॅपटॉप फिरवून सरकारी यादी दाखवली. नव्या आखणीत सीमा तिथे रस्ता सोडून नाल्याकडे वळते, आठ घरांना वळसा घालते आणि परत रस्त्यावर येते. आता त्या घरांचं केंद्र वेगळं आणि काँग्रेसचा मतदारसंघही वेगळा.

काकूंनी पर्स उघडली. आतून त्यांनी टपालाने आलेलं मतदार-कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर शाळेचंच नाव होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी ते मिहीरला दाखवलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, की ही कार्डं कित्येकदा चुकीची छापली जातात.

केल्विनने दुसराही मार्ग सांगितला. तुमची खात्री असेल तर मॅडमना इथेच मत देता येईल, पण ते पाकिटात बंद राहील. नंतर चौकशी होईल, आणि पत्ता इथला निघाला नाही तर काय धरलं जाईल आणि काय नाही, हे आपण आज सांगू शकत नाही. निर्णय मॅडमचा.

"तू सांग," काकू मराठीत म्हणाल्या. "तुला कळतं ह्यातलं. ह्यांचं खरं की तुझं?"

मिहीरला वाटलं, 'माझं' एवढंच म्हणावं. काकू विश्वास ठेवतील, पाकिटात मत टाकतील, नकाशा भिंतीवर राहील. आणि छत्तीस वर्षांनी दिलेलं ते मत कदाचित कुठेच मोजलं जाणार नाही.

"शाळेत जाऊ या, काकू," तो अखेर म्हणाला. "ह्यांच्या सिस्टीममध्ये काहीतरी गोंधळ असणार. पण मत तिकडेच धरतील."

आता काकू काय करतील ह्या धास्तीने त्याने मान वर केली. परत पाठवलं तर पुन्हा जाणार नाही, असं त्यांनी बजावलेलं होतं. काकूंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं, केल्विनचे आभार मानले, आणि त्या दाराकडे चालू लागल्या. "बघत काय राहिलास? ह्याने मला परत कुठे पाठवलंय, पुढे पाठवलंय. चल."

शाळेचं व्यायामगृह लायब्ररीच्या हॉलपेक्षा कितीतरी आनंदी होतं. बास्केटबॉलच्या जाळ्यांखाली मतदानाचे आडोसे मांडलेले, भिंतीवर मुलांनी हाताचे पंजे गिरवून काढलेली टर्की पक्ष्यांची चित्रं, आणि एका टोकाला पालकसंघाने मांडलेला डोनट विकायचा स्टॉल. रांगेत काकूंच्या पुढेच ब्रायर कोर्टमधल्या शेजारीण मिसेस हान निघाल्या. दोघी रोज सकाळी बरोबर फिरायला जात. मिसेस हाननी काकूंच्या साडीला हात लावून पाहिला आणि विचारलं, की इतका उशीर का, मी तर ह्याआधी दोनदा इथेच मत दिलंय, विचारायचंस ना मला. काकूंनी मिहीरकडे पाहिलं नाही. मिहीरने टर्की मोजायला घेतल्या.

मत नसलेल्यांना पुढे जायची परवानगी नव्हती, म्हणून तो दाराशी दोरीच्या अलीकडे थांबला. काकूंना कागद मिळाला. त्या आडोशात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आडोशाखालून साडीचा काठ आणि पांढरे बूट तेवढे दिसत होते. पाच मिनिटं झाली, आठ झाली. अकराव्या मिनिटाला मिहीरच्या लक्षात आलं, की आपण त्यांना आठवडाभर भलत्याच माणसांची माहिती देत होतो.

मग पांढरे बूट हलले. काकू कागद दोन्ही हातांत, प्रसादाचं ताट धरावं तसा आडवा धरून आल्या. मोजणीच्या यंत्राने तो आत ओढून घेतला. यंत्रापाशी कानांत भोपळ्याच्या आकाराचे डूल घातलेली एक मुलगी उभी होती. तिने विचारलं की पहिलीच वेळ का, आणि काकूंनी मान हलवताच हात उंच करून सगळ्या व्यायामगृहाला ओरडून सांगितलं, पहिल्यांदा मत देणारी मतदार. इथली तशी पद्धतच आहे. रांगेतले लोक, टेबलामागचे लोक, डोनटवाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बांधकाम मजुराने शिट्टी घातली. मिसेस हान तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होत्या. काकू क्षणभर गोंधळल्या, मग वळून त्यांनी सबंध व्यायामगृहाला नमस्कार केला, चारी दिशांना, सावकाश, एकही कोपरा न सोडता. अठ्ठावन्नाव्या टर्कीपाशी मिहीरची मोजणी चुकली.

"आणि शाई?" बाहेर आल्यावर काकूंनी बोट पुढे केलं. "नागपूरला शाई लावायचे. महिनाभर मिरवायचे मी."

"इथे स्टिकर देतात, काकू."

"स्टिकर काय, पहिल्या धुण्यात जाईल." पण तो त्यांनी कोटावर अगदी मधोमध लावला होता आणि दर दोन मिनिटांनी अंगठ्याने दाबून बघत होत्या.

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी अनयाला व्हिडिओ कॉल केला. अनया वसतिगृहाच्या पलंगावर अर्धवट झोपेत होती. स्टिकर बघून ती इतक्या मोठ्याने हसली, की तिच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही जाग आली आणि मग दोघींनी मिळून आजीला टाळ्या वाजवल्या. आजचा हा टाळ्यांचा दुसरा फेरा, काकूंनी फोन ठेवल्यावर नोंद केली.

"मिहीर, तू शिकवलेली दोन्ही नावं त्या कागदावर नव्हती."

"सॉरी, काकू. मग काय केलंत?"

"काय करणार? होती ती वाचली. त्यातली एक बाई मला ठाऊक होती. सप्टेंबरात आली होती आपल्याकडे, नाल्याच्या पाण्याबद्दल विचारत. तू खाली तुझ्या नकाशात होतास. न सांगता बूट बाहेर काढून आत आली."

"म्हणजे तुम्ही तिला मत दिलंत?"

"असं मी कुठे म्हटलं? बूट काढले ते चांगलंच. पण बोलली इतकी, की तिचा चहा निवला आणि माझी पोळी करपली." काकूंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "गुप्त असतं मतदान. तूच शिकवलंस ना?"

घरी काकांनी उपम्यावर खोबरं पेरून ठेवलं होतं आणि आकाशकंदील बाहेर काढून त्याच्या वायरीशी झटत बसले होते. काकूंनी कोटसुद्धा न काढता सगळं सांगितलं: लायब्ररी, केल्विनचा बो-टाय, शाळा, टाळ्या, शिट्टी. शिट्टीची नक्कल त्यांना जमली नाही, म्हणून ती दोनदा केली. काका इतके हसले की कंदील खाली ठेवावा लागला. फक्त लायब्ररीचं नाव निघालं तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली आणि लगेच उपम्याकडे वळली. मिहीरने ते पाहिलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी त्याच्या ताटलीत उपमा वाढला, लिंबाची फोड ठेवली. "बॅलट तर माझ्याकडेही येतं ना, रे. दोन निवडणुका झाल्या, ही तिसरी. भलतीच नावं येतात. पहिल्यांदा मी गावच्या निवडणूक कचेरीत क्लार्कला फोनसुद्धा केला होता. आता ही कार्डावरच्या पत्त्यावर जाईल असं धरून चाललो, तू हिला लायब्ररीत नेशील हे काही सुचलं नाही मला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात तू हा नकाशा घेऊन आलास, फ्रेम करून." काका थोडे संकोचले, त्यांना असलं बोलायची सवय नव्हती. "त्या दिवशी जेवताना तू अर्धा तास बोललास, मिहीर. त्याआधी वर्षभरात सगळं मिळून एवढं बोलला नव्हतास. म्हटलं, रेषेचं काय, दहा वर्षांनी परत हलेल."

काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणजे मीच एकटी ह्या घरात कायद्याने वागले, त्या म्हणाल्या, आणि चकल्यांचा डबा मधोमध ठेवला. मिहीरलाही हसू आलं. चोरी उघडी पडल्यावर कुणी ओरडेल अशा तयारीत बसावं, आणि समोर लिंबाची फोड यावी, तसं त्याला झालं होतं. सबबी तोंडाशी होत्या, त्यांतली पहिली त्याने सांगायला सुरुवात केली. जुनी सीमा आणि नवी सीमा कॉम्प्युटरवर एकमेकींवर ठेवल्या, की दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. मध्ये बारीक बारीक पट्ट्या उरतात, शिवणकामात उरतात तशा चिंध्या. त्या खऱ्या नसतात, आखणीतल्या चुका असतात. सगळेच त्या काढून टाकतात आणि तिथे रेषा जुन्या जागीच धरतात. त्याच्याकडे चारशे बारा निघाल्या होत्या. त्यातच ब्रायर कोर्टची गेली असणार.

"सगळ्या एकदम?" काकांनी विचारलं. सीटांच्या शिवणींत आयुष्य गेलेला माणूस तो. चिंध्या न बघता फेकणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

"एकदम निघतात. एक कमांड असते."

"तू एकदम काढल्यास?"

मिहीरने चकलीचा तुकडा मोडला. बाहेर मिसेस हान आपल्या गॅरेजसमोर कोटावरचा स्टिकर कुरिअरवाल्याला दाखवत होत्या. काकूंनी अजून कोट काढलेला नव्हता. त्याने त्या चिंध्या एकदम काढल्या नव्हत्या. त्याच्या स्वभावात ते नव्हतंच. उपग्रहाचं चित्र खाली ठेवून तीन दुपारी तो एकेक चिंधी मोठी करून बघत होता, आणि चारशे अकरांत रस्त्याच्या कडा, कुंपणं आणि गवत ह्यांखेरीज काही निघालं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "एकेक बघून काढल्या."

चारशे बाराव्या चिंधीत आठ छपरं होती, आणि त्या सोनेरी ठिपक्यासाठी त्याने तीही पुसली होती. ब्रायर कोर्ट त्याच्या मतदारसंघात नव्हतं, आणि हे मिहीरला तीन वर्षांपासून माहीत होतं.